लकडी पुलावरून गेलेले देव

साळुबाईनं उभ्या जन्मात एकच लपवाछपवी केली, आणि तीही देवांच्या पुरचुंडीत. एरवी या बाईच्या पोटात पाण्याचा घोट ठरेल, पण गोष्ट ठरायची नाही. सुनेला माहेरून काय आलं, म्हैस का आटली, धर्माजी कोणत्या कुशीवर झोपला की घोरतो, सगळं आमच्या आळीला दुपारच्या आत ठाऊक. लोणीहून लग्न होऊन अवसरीत आली तेव्हा पंधरा वर्षांची होती म्हणे, आणि पहिल्याच दिवशी सासूला म्हणाली होती, "आत्याबाई, तुमच्या आमटीत मीठ लई हाय." अशी बाई. तिनं काही लपवलं असेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

साल नव्व्याण्णव, महिना मे. धाकट्या सुदर्शनचं लग्न उरकलं होतं, घरात नवी सून वृषाली आली होती, आणि रविवारी जागरण-गोंधळ धरला होता. पण देव्हाऱ्यातले टाक पार झिजलेले. खंडोबा, भवानी, भैरोबा, जोगेश्वरी आणि वीर असे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले पाच टाक. घासून घासून त्यांचा नुसता पत्रा उरला होता. खंडोबाचा घोडा कुठला आणि भवानीचा वाघ कुठला, हे जागेवरून ओळखायचं. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी लग्नातच टोकलं, "धर्माजी, आंधळ्या देवांपुढं जागरण घालतो का?" धर्माजीला ते फार लागलं. त्याला काय, काहीही लागतं.

पाचवा टाक वीराचा. घरातलं कुणी लग्नाआधी गेलं, तर त्याचा टाक करून देवांत बसवायची रीत. हा वीर म्हणजे साळुबाईचा थोरला, चिमाजी. पंचाहत्तर साली तापानं गेला, तेव्हा अकरा वर्षांचा होता. वर्षाच्या सुदर्शनला काखेला मारून गावभर हिंडायचा. त्याचा एकही फोटो नाही. शाळेत फोटोवाला आला त्या दिवशी स्वारी ओढ्यात खेकडी धरत होती. मंचरच्या सोनारानं घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला वीर करून दिला. आता खरं सांगायचं तर तो पोरगा गाढवावरही कधी बसला नव्हता, आणि सोनाराचा साचा एकच, सगळ्या तालुक्याचे वीर त्यातूनच निघायचे. पण साळुबाईला त्या वीराच्या गालात चिमा दिसला. दिसला म्हणजे दिसला. चोवीस वर्षं ती दर रविवारी त्याला चिंच लावून न्हाऊ घालत आली.

पुण्याला जायचं ठरलं ते धर्माजीच्या हट्टानं. मंचरला सोनार नव्हते असं नाही. पण त्याला रविवार पेठेतले टाक पाहिजे होते, आणि जाता जाता लकडी पूल बघायचा होता. धर्माजीचं म्हणणं असं की, त्याचा कुणी खापरपणजोबा पानिपतावरून जिवंत परत आला आणि पेशव्यांनी बांधलेल्या लाकडी पुलावरून पुण्यात शिरला. आळीत कुणी विचारलं, "जिवंत आला म्हणजे पळून आला का?" की तो आठ-आठ दिवस बोलायचा नाही.

तर शुक्रवारी पहाटे मंचरच्या जानकूची पांढरी अँबॅसिडर दारात आली. अशी भाड्याची गाडी त्या घरानं लग्नातच काय ती बघितलेली. साळुबाई मागच्या सीटवर इतकी अंग चोरून बसली की, जानकू म्हणाला, "मावशी, टेका की. सीट झिजायची न्हाई." तिनं पदराला लिंबू बांधलं होतं, गाडी लागू नये म्हणून. धर्माजी पुढं, खिडकीशी, फेट्यात.

पेठेत टाक मिळाले. लखलखीत. खंडोबाच्या घोड्याच्या शेपटीचा केस नि केस मोजून घ्यावा असे. दुकानदार म्हणाला, "जुने मोडीत देता का?" धर्माजी म्हणाला, "देवांची मोड घालत न्हाई आमी." "मग वाहत्या पाण्यात सोडा," दुकानदार म्हणाला, आणि नवे टाक गुलाबी कागदात गुंडाळायला लागला. देव कागदात जाणार हे साळुबाईला पटेना. तिनं ओटीतला लाल खण काढला, टर्रकन मधोमध फाडला. एका तुकड्यात नवे, एकात जुने. आणि दोघे पुरुष पैशाचं बघत होते तेवढ्यात तिनं जुन्यातला वीर हळूच काढला आणि नव्यांच्या पुरचुंडीत सरकवला.

नवा वीर होता की. रुबाबदार, मिशीवाला. पण मिशीवाला! तिचा पोरगा मिशी फुटायच्या आत गेलेला. तो जुना झिजका पत्रा पाण्यात सोडायचा हे तिच्यानं होईना, आणि म्हणायचंही होईना. धर्माजीनं चोवीस वर्षांत त्या पोराचा विषय काढू दिला नव्हता. काढला की उठून गोठ्यात जायचा. म्हणून ही लपवाछपवी.

गाडी लक्ष्मी रोडनं निघाली. पूल आला तसा धर्माजी सरसावून बसला. "कुठाय लाकूड?"

"तात्या, लाकूड कवाच गेलं. आता दगड-सिमेंट," जानकू म्हणाला.

"मग लकडी का म्हणत्यात?"

"तुमाला पाटील म्हणत्यात, तसंच की. कुठाय पाटिलकी?"

धर्माजी फुगला, पण खाली नदी दिसली तसं त्याला जुन्या टाकांची आठवण झाली. "थांबव गाडी. इथंच सोडू. आमच्या मूळ पुरुषाचा पूल हाय."

"थांबता येत न्हाई. तो बघा हवालदार."

मागून बस भोंगा वाजवायला लागली. हवालदारानं इकडंच हात केला. धर्माजीनं पुढं बघतच हात मागं केला आणि ओरडला, "दे गं! दे लवकर! जुने दे!"

साळुबाईच्या मांडीवर दोन पुरचुंड्या. दोन्ही लाल, दोन्हींच्या गाठी तिच्याच. भोंगा, हवालदार, नवऱ्याची नाचणारी बोटं. तिनं एक दिली. धर्माजीनं चालत्या गाडीतून, खिडकीतून अर्धा बाहेर येऊन, गोफण मारावी तशी ती कठड्यावरून भिरकावली आणि हात जोडले. "गंगेला मिळाले," म्हणाला. गंगा कसली, मुठा. तीही मे महिन्यातली.

चाकणला चहाला उतरले. दोघे पुरुष टपरीवर गेले, ती गाडीतच बसली. तिला एकदा त्याला हात लावायचा होता, एवढंच. गाठ सोडली. आत चार टाक. चारही आंधळे.

तिनं खण उलटा करून झटकला. सीटखाली बघितलं. परत चारच. मग ती दाराशी झटायला लागली. अँबॅसिडरचं दार तिला तसंही उघडत नव्हतं, पण आता कडीच दिसेना. तिनं काच बडवली.

"अवं," ती म्हणाली, "नवे गेले."

"कुठं गेले?"

"नदीत. म्या दिले. माझ्या हातानं दिले."

धर्माजीच्या हातातली बशी कलली. टपरीवरच्या दहा माणसांसमोर त्यानं तिचा, तिच्या माहेराचा, लोणीच्या सगळ्या विहिरींचा उद्धार केला. रविवारी वाघ्या-मुरळी येणार, भावकी येणार, आणि देव्हाऱ्यात काय, नारळ? साळुबाईनं ऐकून घेतलं. एरवी एकाला चार देणारी बाई. आज तिला वाटत होतं, बोला, अजून बोला, पण गाडी फिरवा.

"तात्या," जानकू म्हणाला, "चहा प्या आधी. देव काय पोहत भीमेला न्हाई गेले. नदीला पाणी कुठाय एवढं?"

या एका वाक्यासाठी साळुबाईनं पुढं त्याला जन्मभर कांदे पुरवले.

जानकूनं गाडी परत पुण्याकडं फिरवली. वाटभर साळुबाई मनातल्या मनात बोलत होती. खंडोबाराया, तुमी पाच जण ऱ्हावा वाटलं तर पाण्यात, तुमाला काय, दुसरं रूप घ्याल. मला माझा पोरगा काढून द्या. असं मनात आलं, आणि ती दचकली. जागरण दोन दिवसांवर असताना देवांनाच बुडवायला निघालो आपण! तिनं गालावर चापट्या मारून घेतल्या. जानकूनं आरशात बघितलं आणि नजर रस्त्यावर नेली. घटकेनं तिच्या मनात परत तेच आलं. दुसऱ्यांदा तिनं चापट्या मारल्या नाहीत.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही की, तिचं दुखणं गाडीत कुणालाच माहीत नव्हतं. धर्माजी पाच टाक शोधायला निघाला होता. ती एकच.

जानकूनं गाडी डेक्कनच्या बाजूला लावली. आधी दोघांनी पुलाचा फूटपाथ धुंडाळला, न जाणो कठड्याला आपटून अलीकडेच पडली असेल. कंगवे विकणाऱ्याला विचारलं, लिंबं विकणारीला विचारलं. फेटेवाला माणूस ओणवा होऊन गटाराच्या जाळीत बघतोय म्हणताना कॉलेजची पोरं थांबून तीही बघायला लागली. एकानं विचारलं, "काका, काय हरवलं?"

"देव," धर्माजी म्हणाला.

पोरं हसली. साळुबाईला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. ती कठड्याशी गेली आणि खाली बघितलं. मधून काळ्या पाण्याची एक धार, दोन्ही अंगांना चिखल, दगड, आणि सगळीकडं लोकांनी सोडलेलं काय काय. कुजके हार, फुटक्या फोटोंच्या चौकटी, पिशव्यांवर पिशव्या. अवघ्या पुण्यानं आपले नकोसे देव इथंच आणून टाकले होते. त्यातली एक लाल पुरचुंडी! तिला वरूनच दहा लाल चिंध्या दिसत होत्या.

कडेच्या वाटेनं दोघं खाली उतरली. धर्माजीनं धोतर खोचलं, फेटा काढून तिच्या हातात दिला आणि त्या घाणीत गुडघ्याइतका शिरला. एक चिंधी उचलायचा, पिळायचा, टाकायचा. साळुबाई त्याच्या मागं. चपला चिखलातच राहिल्या. ऊन असं की, डोक्यावर तवा ठेवल्यासारखं. तासभर गेला. एक चौकट, एक नारळ, कुणाच्या तरी लग्नाच्या मुंडावळ्या. पुरचुंडी नाही.

"न्हाई गं," धर्माजी म्हणाला. "गेलं."

"अजून तिकडं बघा की."

"मंचरातनं नवे करू. उद्याच्याला देतो सोनार."

"तिकडं बघा!" ती ओरडली. तिचा आवाज पुलाखाली घुमून परत आला. धर्माजी बघतच राहिला. नव्या टाकांसाठी बाई एवढी ओरडते? पण गेला बिचारा तिकडं.

तेव्हा कमानीच्या सावलीतून कुणीतरी हाक मारली, "ओ बाबा! पांढऱ्या गाडीवाले का?"

चाळीस-पंचेचाळिशीची एक बाई चाळण आणि घमेलं घेऊन नुकतीच येऊन बसली होती. शीला तिचं नाव. पुलावरून लोक नदीत नाणी टाकतात, देव सोडतात, ते चाळून काढायचं आणि मोडीत घालायचं, हे तिचं रोजचं काम. तिनं पदराआडून लाल खणाचा तुकडा काढला. "डोस्कं फुटलं असतं माझं. देव टाकता का दगडफेक करता?"

धर्माजीनं झडप घालून गाठ सोडली. खंडोबा, भवानी, भैरोबा, जोगेश्वरी, मिशीवाला वीर. पाचही लखलखीत.

"नवे देव कोण टाकतं?" शीला म्हणाली. "म्हटलं, कुणाचंतरी चुकलं. येतील माघारी. म्हणून येगळे ठेवले."

धर्माजी तिच्या पाया पडायचाच बाकी होता. "बाई, काय देऊ तुला?"

"ते जुने हायेत ना तुमच्याकडं? पाण्यात टाकणार, मग माझ्याच डब्यात येणार. इथंच द्या, माझी कंबर वाचंल."

वरून जानकू ओरडला, "घावले का? चला मग, तात्या!" धर्माजीनं फेटा मागितला. गोष्ट संपली होती. सगळ्यांची संपली होती.

साळुबाई उभीच होती. "बाई," ती म्हणाली, "ह्यात सहा व्हते."

"सहा?" धर्माजी म्हणाला. "पाच की."

"एक जुना व्हता. झिजलेला. वीराचा."

"तो व्हय," शीला म्हणाली. "तो जुनाच व्हता, मावशी. जुन्यांत टाकला."

तिनं मागचा पत्र्याचा डबा ओढला आणि फडक्यावर उपडा केला. टाकांचा ढीग पडला. पन्नास असतील, साठ असतील. गावोगावचे, घरोघरचे. सगळे घासून घासून गुळगुळीत, काळे पडलेले. त्यात वीरच कितीतरी.

धर्माजी बायकोकडं बघत होता. "तो नव्यांत कसा आला?"

"म्या घातला."

"का?"

ती चिखलातच बसली आणि एकेक टाक अंगठ्यानं चोळायला लागली. हा नाही. हा घोडा उजवीकडं तोंड केलेला. हा मोठा. हा... हा असेल? याच्यासारखाच पुढचा. चोवीस वर्षं रोज बघितलेलं तोंड, अंधारात नुसतं बोट लावून ओळखीन असं ती स्वतःला सांगत आली होती. आणि आता उजेडात, हातात धरून, कळेना. चिंच लावून लावून तिनंच त्याचं नाक, डोळे, गाल सगळं पुसून टाकलं होतं. इतर बायांनीही आपापल्या घरी तेच केलं होतं. एवढ्या आया, एवढ्या चिंचा, आणि शेवटी सगळी पोरं सारखीच.

ती रडायला लागली. आवाज न करता नव्हे, चांगली गळा काढून. पुलावर लोक थबकले.

आम्हाला वाटलं असतं, धर्माजी आता गोठा शोधणार. तिथं गोठा नव्हता. तो नदीकडं दोन पावलं गेला. मग आला, तिच्यासमोर मांडी घालून बसला, आणि ढिगाचा अर्धा वाटा आपल्याकडं ओढला.

"कसा व्हता?" त्यानं विचारलं. टाकाचं विचारलं की पोराचं, हे तिला नक्की कळलं नाही.

"गाल वर आल्याले."

"ते तुझ्याकडचं. कपाळ माझं व्हतं."

"कपाळ तुमचं कुठलं! तुमचं कपाळ हाय का एवढं?"

"चिमाचं कपाळ माझंच," धर्माजी म्हणाला. "माझी आई म्हणायची."

शीला एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग तिनं चाळण बाजूला ठेवली आणि मोठे-मोठे टाक निवडून बाजूला सारायला लागली, तेवढंच यांचं काम कमी. वर जानकूनं दोनदा भोंगा वाजवला. तिसऱ्यांदा स्वतःच खाली आला, बघितलं, आणि पुलाच्या सावलीत बिडी पेटवून बसला.

ऊन कललं तेव्हा दोन टाक उरले. एक धर्माजीच्या हातात, एक साळुबाईच्या.

"ह्यो," तो म्हणाला.

"न्हाई. ह्यो."

"अगं, ह्येची किनार बघ."

"किनार काय बघायची? पोरगं बघा की."

दोघांनी बदलून बघितले. परत बदलले. मग कुणाचा कोणता होता, तेही गोंधळलं. शेवटी शीला म्हणाली, "दोन्ही न्या, मावशी. मी काय मोजून ठिवलेत व्हय?" जुन्या चौघांची पुरचुंडी मात्र धर्माजीनं हात जोडून तिच्या घमेल्यात ठेवली.

रविवारी जागरण झालं. दिवटी लागली, वाघ्यानं कुळीचे सगळे देव हाका मारून बोलावले, वृषालीनं नाकापेक्षा मोठी नथ सांभाळत तळी उचलली. आमच्या आळीतल्या बायकांचं लक्ष मात्र ताम्हनाकडं. पाच नवे, आणि कडेला दोन काळे पत्रे. "साळुबाई, ह्ये कोण गं जास्तीचे?" प्रयागबाईनं विचारलं. आमच्यात पहिला प्रश्न विचारायचा मान तिचाच.

साळुबाईनं सगळं सांगितलं. लपवाछपवीसकट. असं सांगितलं की, गोंधळ्यांचं संबळ थांबलं आणि तेही ऐकायला लागले.

तेव्हापासून त्या देव्हाऱ्यात दोन जुने वीर आहेत, एक घरचा आणि एक कुणाचा तरी. शौर्य, तिचा नातू, त्यांना दोन काका म्हणतो. धर्माजी अजून म्हणतो, डावीकडचा आपला. साळुबाई वाद घालत नाही, पण न्हाऊ घालताना उजवीकडच्याला आधी हातात घेते. आता चिंच लावत नाही, नुसतं पाणी. आणि एखाद्या रविवारी पुसता पुसता तिचा हात थांबतो. ती एक टाक उजेडाला धरते, मग दुसरा, आणि हाक मारते, "अवं, जरा हिकडं या. ह्ये दोन्ही आपले न्हाईत, असं वाटतंय मला."

धर्माजी येतो, शेजारी बसतो, आणि दोघं परत बघायला लागतात.